व्हीटी२२०वर ॲक्सेंटची अक्षरं: नोंद २

व्हीटी२२० या डेक कंपनीच्या जुन्या टर्मिनलवर सध्या ॲक्यूट ई (é) नीट उमटतोय. यूटीएफ-८ (एका अक्षराला एक किंवा जास्त बाइट देणारी पद्धत) वापरणाऱ्या होस्टवरून, म्हणजे जोडलेल्या संगणकावरून, येणारा मजकूर मात्र मधूनच अक्षरं गिळतो, त्याचं कारण खाली.

आधी आठ बिटांचा रस्ता मोकळा हवा. एफ३ने सेट-अप उघडा. कम्युनिकेशन्समध्ये ८ बिट, नो पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट नको). जनरलमध्ये व्हीटी२०० मोड आणि मल्टिनॅशनल (ॲक्सेंटवाला अक्षरसंच). सेव्ह विसरलात तर टर्मिनल बंद केल्यावर सगळं पूर्ववत. लिनक्सवर एसटीटीवाय (stty) या आदेशाने सीएस८ (आठ बिट) लावा, पॅरिटी आणि आयस्ट्रिप बंद करा (आयस्ट्रिप आठवा बिट काढून टाकतो, पण त्याचा संबंध फक्त टाइप केलेल्या अक्षरांशी). चाचणीसाठी प्रिंटएफने ऑक्टल ३५१, म्हणजे दशमान २३३ पाठवा. साधा लहान आय (i) दिसला तर आठवा बिट वाटेत छाटला जातोय: २३३ वजा १२८ बरोबर १०५, आणि १०५ म्हणजे आय. लाइन सात बिटांचीच असेल तर एस्केप, मोठा एन, लहान आय असे पाठवा. तोच ॲक्यूट ई मिळतो.

आता खरं दुखणं. यूटीएफ-८मध्ये ॲक्यूट ई म्हणजे १९५ आणि १६९. पडद्यावर टिल्डवाला मोठा ए आणि कॉपीराइटची खूण. कुरूप, पण निरुपद्रवी. सर्कम्फ्लेक्सचा मोठा यू मात्र १९५, १५५ असा येतो, आणि १५५ हा टर्मिनलसाठी सीएसआय, म्हणजे 'पुढे आदेश येतोय' अशी खूण. त्यापुढचं अक्षर आदेश ठरतं: मोठा टी असेल तर नुसता गायब, मोठा एच असेल तर कर्सर थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात, मोठा जे असेल तर कर्सरपासून खालचा पडदा कोरा. आइसलँडिक मोठ्या एथमधला (Ð) १४४ म्हणजे डीसीएस, टर्मिनलसाठीच्या लांब आदेशाची सुरुवात. तो पुढचा मजकूर गिळतच राहतो, पडदा गोठल्यासारखा वाटतो. दशमान २४ (रद्द करण्याचा कोड) पाठवलं की सुटतो. सेट-अपमधल्या '७ बिट कंट्रोल्स'ने यात काही फरक पडत नाही, कारण तो पर्याय टर्मिनल काय पाठवतं एवढंच ठरवतो.

उपाय: लॉगिनचं लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) लॅटिन-१ या एक-बाइटी अक्षरसंचाचं ठेवून 'स्क्रीन' (screen) हा प्रोग्रॅम चालवा. स्क्रीनच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलीत डीफएनकोडिंग यूटीएफ-८ आणि आतल्या विंडोंसाठी लँग (LANG) हे चलही यूटीएफ-८चं. रूपांतर स्क्रीनच करतो. न बसणाऱ्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह येतं.

उरलेली खोट: व्हीटी२२०चा संच डेकचा मल्टिनॅशनल आहे, हुबेहूब लॅटिन-१ नाही. २१५ला गुणाकाराच्या चिन्हाऐवजी मोठं जोडाक्षर ओई, २४७ला भागाकाराऐवजी लहान ओई. लॅटिन-१ थेट हवं असेल तर व्हीटी३२० बघा.