कधी येऊ?

शुक्रवार, रात्र

नोकरीच्या मुलाखतीला आज अकरावा दिवस. ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणाले होते. आपल्याकडे आठ दिवस म्हणजे आठवडाही होतो आणि पंधरवडाही, म्हणून नववा जाऊ दिला, दहावाही जाऊ दिला. आज फोन केला.

आधी मुलाखतीचं लिहून ठेवते. बुटीबोरीच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाचा कारखाना आहे, तिथं लॅब असिस्टंटची जागा. सगळं बरं चाललं होतं. मग साहेबांनी विचारलं, तेलातली आम्लता मोजताना इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून मोजणी पुरी झाल्याचं दाखवणारं रसायन, कोणता घेशील? माझ्या तोंडून निघालं, मिथिल ऑरेंज. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. परत येताना जामच्या चौरस्त्यावर एसटी थांबली, चणेफुटाणेवाला खिडकीशी आला, आणि तेव्हा आठवलं. फिनॉल्फ्थॅलिन! तेलातली आम्लं कमजोर, वरून थेंब थेंब कॉस्टिक सोडा, शेवटी फिकट गुलाबी रंग टिकला पाहिजे. मिथिल ऑरेंज तिथं सुरुवातीलाच रंग बदलून मोकळं होतं. कॉलेजात एवढ्या वेळा केलेला प्रयोग! हिंगणघाट येईपर्यंत हातातलं अर्धं तिकीट चुरगाळून त्याची गोळी झाली होती.

त्याच रात्री ईमेल लिहिला. आमच्या घरात टॉवर फक्त गच्चीवर, तोही पाण्याच्या टाकीच्या उगवतीकडे, म्हणून शाल पांघरून तिथं बसले. पहिला मसुदा शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा झाला. ‘आपली आज्ञाधारक’ तेवढं लिहायचं राहिलं होतं. तो पुसला. दुसऱ्यात पाचच ओळी ठेवल्या. विषयात पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख. खाली, वेळ दिल्याबद्दल आभार, लॅब दाखवली ते आवडलं, आणि इंडिकेटरचं उत्तर चुकलं होतं, बरोबर उत्तर हे आणि कारण हे. शेवटी फोन नंबर. चूक स्वतःहून उकरून काढावी की नाही, यावर बराच वेळ घुटमळले. पण साहेबांनी ती कागदावर लिहिलीच होती, मग लपवायची कोणापासून?

दादाचं म्हणणं वेगळं. तो म्हणे, एचआरच्या मॅडमचा नंबर आहे ना, व्हॉट्सॲपवर रोज गुड मॉर्निंग टाक, नाव ध्यानात राहते. त्याचं स्वतःचं नाव ज्यांच्या ज्यांच्या ध्यानात राहिलं, त्यांनी त्याला ब्लॉक केलं आहे.

ईमेलला उत्तर आलं नाही. सातव्या दिवसापासून घरात मला कोणी काही विचारेना, आणि तेच जास्त जड गेलं. आई तर मी फोन घेऊन गच्चीवरून उतरले की चुलीकडे तोंड फिरवायची.

काल संध्याकाळी बाबा गोठ्यातून आले, हात धुतले आणि म्हणाले, “काय वं बाई, आला का फोन?”

“नाई. मीच करू का? बरं दिसन का ते?”

“न बरं दिसाले काय झालं? मी चुकाऱ्याले जात नाई काय?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या हंगामात घरची नड होती, म्हणून खेडा खरेदीत एका व्यापाऱ्याला कापूस दिला. काट्यावर मोजून गाडी गेली, चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, मात्र राहिला. बाजार समितीत ज्या दिवशी कापूस विकला त्या दिवशी पैसे, असा नियम आहे. दारात गाडी लावून नेणाऱ्याला कोण नियम सांगणार? बाबा किती खेपा गेले, पण एकदाही त्यांनी ‘माझे पैसे द्या’ म्हटलं नाही. मी एकदा सोबत होते. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता, एवढं काय मिनतवारीनं बोलायचं म्हणून.

काल त्यांनी उलगडून सांगितलं. “पैसे मांगतले का त्याले नाई म्हनाले जागा भेटते. मी पुसतो, कधी येऊ? मंग त्याले दिवस सांगाच लागते. त्यानं सांगतला त्या दिवशी जायचं, आंधी नाई, मांगून नाई. अन् पावती खिशात ठेवायची, पन काढायची नाई.”

किती खेपांनी पैसे मिळाले, ते मी विचारलं नाही. मिळाले, एवढं खरं.

तर आज साडेअकराला गच्चीवर गेले. दहाच्या आत नको, तेव्हा ऑफिस अजून बसायचं असतं. एकच्या पुढे नको, डबे उघडतात. वहीत तीन ओळी लिहून घेतल्या होत्या, तरी घसा कोरडा. नाव, पद, मुलाखतीची तारीख सांगितली. मग ‘मॅडम, आता बोलायला वेळ आहे का?’ त्या हो म्हणाल्या. ‘माझं झालं का’ हे ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, “निर्णय कधीपर्यंत होईल? मी पुन्हा कधी फोन करू?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “साहेब ऑडिटमध्ये अडकलेत. मंगळवारी करा, चारनंतर.” मग जरा थांबून, “इंडिकेटरवाल्या तुम्हीच ना?”

मी हो म्हटलं. त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही. फोन दीड मिनिटाचा झाला, आणि तेवढ्यात दादा जिन्यात दोनदा डोकावून गेला.

खाली येऊन सांगितलं. आईनं विचारलं, “म्हंजे झालं का नाई?” बाबाच म्हणाले, “दिवस भेटला न बाप्पा.”

उद्या खालच्या वावरात वेचणी आहे. बायका कमी पडतात, मलाही ओटी बांधावी लागेल. फोन घरीच ठेवेन, वावरात तसाही टॉवर नाही. मंगळवारी मात्र चारच्या आत गच्चीवर परतायचं, हे आईला आत्ताच सांगून ठेवलं आहे.