आमच्यापासून लांब आहे

आईचा फोन रविवारी सकाळी येतो, म्हणजे आमच्या सकाळी, तेव्हा तिचं तिकडे जेवणखाण उरकलेलं असतं. मधल्या वारी अवेळी फोन वाजला की समजायचं, सांगलीत टीव्हीवर पट्टी चालू आहे, "अमेरिकेत पुन्हा गोळीबार". मग ठरलेलं संभाषण. "अगं बरे आहात ना?" "हो गं, आमच्यापासून लांब आहे ते." "किती लांब?" आणि मी तास सांगते, कारण मैल सांगितले तर तिला काही कळत नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, प्लेनो, फ्रिस्को, ॲलन अशी एकमेकांना चिकटलेली गावं आहेत तिथे, म्हणजे पिंपरी कुठे संपतं आणि चिंचवड कुठे सुरू होतं तसंच. २०१६ ला आलो. त्याच वर्षी ऑरलँडोच्या नाइटक्लबमध्ये ४९ माणसं मारली होती, पण ते फ्लोरिडा, विमानाचा प्रवास. पुढच्या वर्षी लास व्हेगासला हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका माणसाने खाली संगीताच्या कार्यक्रमावर दहा-अकरा मिनिटांत हजारापेक्षा जास्त गोळ्या झाडल्या, मृतांचा आकडा पुढे ६० वर गेला. तेही लांब. मग २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ गेले, ते आमच्याच टेक्ससमधलं, पण टेक्सस एवढं अवाढव्य की गाडीने नऊ-दहा तास लागतात. आईला म्हटलं, सांगलीहून नागपूर समज. तिला पटलं. मलाही पटलं, हे जास्त वाईट.

२०२२ च्या मे महिन्यात युव्हाल्डी. प्राथमिक शाळा, चौथीची मुलं, १९ मुलं आणि २ शिक्षिका. सहा तासांवर. मारणारा १८ वर्षांचा, वाढदिवस झाल्या झाल्या त्याने कायदेशीरपणे दोन रायफली विकत घेतलेल्या. या देशात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, दुकानातून पिस्तूल घ्यायलाही २१, पण रायफल मात्र बहुतेक राज्यांत १८ ला मिळते, हे मी आईला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तिला वाटलं माझं काहीतरी उलटंपालटं होतंय. आणि पोलीस! वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ जण तिथे जमले होते आणि वर्गात शिरून त्याला मारेपर्यंत ७७ मिनिटं गेली. ७७ मिनिटं! २६/११ ला आपल्याकडे हवालदार नुसत्या लाठ्या आणि जुन्या बंदुका घेऊन उभे राहिले होते हो, मला राहून राहून तेच आठवत होतं.

आता आकड्यांचं बोलते, कारण व्हॉट्सॲपवर दर वेळी भांडण यावरूनच होतं. कोणी लिहितं अमेरिकेत वर्षाला सहाशे मास शूटिंग होतात, दुसरा म्हणतो काहीही काय, दहाच्या आसपास होतात. दोघंही बरोबर असतात, मोजायची पट्टी वेगळी. गन व्हायोलन्स आर्काइव्ह नावाची संस्था एका घटनेत हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली, मेले असोत की जखमी, तर ती मास शूटिंग धरते. या हिशेबाने २०२० ते २०२३ दरवर्षी सहाशेच्या वर घटना, म्हणजे दिवसाला दीड-दोन, २०२४ ला उतरून पाचशेच्या आसपास. पण मॉल, शाळा, चर्च अशा सार्वजनिक ठिकाणी चार किंवा जास्त माणसं मेलेल्याच घटना धरल्या तर बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. बाकीच्या शेकडो म्हणजे कोणाच्या तरी बर्थडे पार्टीत झालेली बाचाबाची, रात्री दोन वाजता क्लबबाहेरची मारामारी, घरातलाच माणूस बायकापोरांवर उलटलेला. त्या आपल्या टीव्हीवर येत नाहीत. इथल्याही टीव्हीवर फारशा येत नाहीत म्हणा, लोकल बातम्यांत चाळीस सेकंद आणि मग हवामान.

आणि खरा मोठा आकडा याहून वेगळाच. २०२३ मध्ये बंदुकीने मेले सुमारे ४६,७००, त्यात २७,००० च्या वर आत्महत्या. मास शूटिंगचे बळी त्यात शंभरात एक-दोन. मला हे आधी खोटंच वाटलं होतं. आपण घाबरतो मॉलमधल्या अनोळखी माणसाला आणि बंदूक असते बेडरूमच्या कपाटात. २०२० पासून इथे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाडीचे अपघात दुसऱ्या नंबरवर गेले.

बंदुकांबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माहेरी आजोबांची लायसनची बारा बोअर होती, रानडुकरांसाठी, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची, आम्हा पोरांना तो एक सोहळाच वाटायचा. आणि लायसनसाठी तेव्हा किती चपला झिजल्या याच्या गोष्टी आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. इथे शेजारच्या रिटायर्ड काकांनी (नाव नाही लिहीत, माणूस अगदी देवमाणूस आहे, बर्फ पडला तेव्हा आमचा नळ फुटला तर रात्री येऊन दुरुस्त करून गेला) एकदा गॅरेजमध्ये त्यांची तिजोरी उघडून दाखवली. उभी, फ्रिजएवढी. आत सात-आठ बंदुका आणि मधोमध ती काळी, बातम्यांतली, एआर-१५. रिकामी आहे हे दोनदा दाखवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मला वाटलं जड असेल. जेमतेम तीन किलो! लेक जन्मला तेव्हा जवळपास तेवढाच होता, हे त्या क्षणी डोक्यात आलं आणि मी पटकन परत दिली.

काकांनी एक गैरसमज दूर केला, एआर म्हणजे असॉल्ट रायफल नाही, आर्मलाइट या मूळ कंपनीच्या नावावरून ते एआर. मशिनगनही नाही, एकदा चाप ओढला की एक गोळी. पण पुढची गोळी आपोआप भरलेली, चाप सोडा-ओढा सोडा-ओढा, मॅगझिनमध्ये साधारण ३० गोळ्या, संपलं की दोन-तीन सेकंदांत दुसरं. आणि गोळी पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, म्हणून पिस्तुलाची गोळी बहुतेक वेळा एक भोक पाडून जाते पण ही आतल्या अवयवांच्या चिंधड्या करते, आणि लहान मुलाच्या अंगात तर... जाऊ दे. युव्हाल्डीच्या काही मुलांची ओळख कपडे, बूट आणि डीएनएवरून पटवली एवढंच लिहिते.

तरी गंमत (गंमत कसली) अशी की बहुतेक मास शूटिंगमध्ये वापरलेली असते पिस्तूलच. २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांना मारलं ते दोन पिस्तुलांनी, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती, त्या वर्षी माझी मावसबहीण व्हिसाच्या रांगेत होती आणि मावशीने घरात आकांत मांडला होता. पण २०१२ पासूनचे सगळ्यात जास्त बळींचे बहुतेक हल्ले बघा, सँडी हूकची शाळा, ऑरलँडो, व्हेगास, सदरलँड स्प्रिंग्जचं चर्च, पार्कलँडची शाळा, युव्हाल्डी, सगळीकडे एआर जातीची रायफल. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं या जातीच्या नव्या बंदुकांच्या विक्रीवर देशभर बंदी होती, मुदत संपली, कोणी वाढवली नाही. व्हेगासवाल्याने रायफलींना बंप स्टॉक नावाचं एक उपकरण लावलं होतं, त्याने ती मशिनगनसारखी धडधडते, त्यावर ट्रम्पच्याच पहिल्या कारकिर्दीत बंदी आली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवली. एक पाऊल पुढे आणि कोर्टात दोन मागे.

आता ॲलन. ६ मे २०२३, शनिवार दुपार, आउटलेट मॉल. आमच्या घरापासून बारा मिनिटं. आम्ही त्या दिवशी तिथेच जाणार होतो असं लिहिलं तर पोस्ट जास्त चालेल, पण नव्हतो जाणार, मी घरी डोश्याचं पीठ वाटत होते. मिक्सरच्या आवाजात फोन कळला नाही, बघितलं तर मंडळाच्या ग्रुपवर १४० मेसेज. "सगळे सेफ?" आणि खाली अंगठेच अंगठे. कोणीतरी यादी केली, ज्यांचा अंगठा आला त्यांच्या नावापुढे टिक. आमच्यातलं एक कुटुंब तासभर ऑनलाइनच दिसेना. त्या तासात ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, नाहीतर आमच्या ग्रुपला एक मिनिट गप्प बसवत नाही. पिक्चरला गेले होते ते, फोन सायलेंटवर.

आठ जण गेले. त्यात छोटी मुलं होती आणि हैदराबादची एक तरुण इंजिनिअरही होती. एक पोलीस दुसऱ्याच कसल्या तरी कामासाठी आधीच मॉलमध्ये होता, तो आवाजाच्या दिशेने एकटा धावत गेला आणि चारेक मिनिटांत हल्लेखोराला मारलं. चार मिनिटांत आठ, याचा विचार करा म्हणजे मगाशी मी मॅगझिनचं का सांगत बसले ते कळेल.

त्या संध्याकाळी आईने विचारलं "किती लांब?" तेव्हा मी म्हटलं, "आपल्या घरापासून विश्रामबाग" (सांगलीतलाच भाग). ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, पीठ आंबलं का.

दोनच दिवसांनी ऑस्टिनला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, या जातीच्या रायफली घ्यायचं वय १८ चं २१ करायचं विधेयक समितीत ८ विरुद्ध ५ मतांनी पास झालं. युव्हाल्डीचे आईबाप महिनोन् महिने तिथे खेटे घालत होते. आम्हाला वाटलं, आता होतंय. दुसऱ्या दिवशी सभागृहापुढे आणायची मुदत टळली आणि विधेयक मेलं. संपलं. २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ च्या वरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायला परवानाही लागत नाही. आणि परवानाधारकांनीही लपवलेलं पिस्तूल आणायला नको अशा जागेत दारावर तशी पाटी लावावी लागते, थर्टी ओ सिक्सची (३०.०६) पाटी म्हणतात, कायद्याच्या कलमाचा नंबर, अक्षरं किमान एक इंच उंचीची, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत. त्याच नंबरची इथली एक प्रसिद्ध शिकारी काडतूसही आहे, हा योगायोग इथल्या लोकांना फार आवडतो. गणपतीला हॉल भाड्याने घेतला की आमची मंडळी तोरण लावायच्या आधी दारावर ती पाटी आहे का बघतात. आरतीच्या वेळी दाराशी पोलीस उभा असतो, तासावर पैसे देऊन बोलावलेला. मोदक आवडीने खातो तो.

आणि शाळा. लॉकडाउन म्हटलं की तुम्हाला करोना आठवतो, इथल्या पोरांना ड्रिल आठवतं. "लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट." दार लावा, दिवे बंद, नजरेआड व्हा. माझा लेक हे शुभंकरोतीपेक्षा स्पष्ट म्हणतो. बारक्या पोरांना बाई सांगतात, समजा शाळेत कोल्हा शिरला तर. गेल्या वर्षी आई सहा महिने आली होती तेव्हा तो तिला घेऊन सोफ्यामागे लपायचा, दिवे बंद करून, एकदम चिडीचूप. आईला वाटायचं लपाछपी. एक दिवस तिला बसून बसून पाठीत कळ आली आणि ती उठून हसत "धप्पा!" म्हणाली तर हा रडायलाच लागला, आजी तू बोललीस, आता कोल्ह्याला कळलं. आईने रात्री मला विचारलं हा कुठला खेळ आहे. मी म्हटलं शाळेत शिकवतात. खोटं नाही बोलले.

काकांनीच मला सांगितलं होतं की पोराला कोणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारत जा, घरात बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, कोणी रागावत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी विचारतात तसं विचारायचं. मी अमेरिकन घरांत बिनधास्त विचारते. मराठी घरांत कधी विचारलं नव्हतं, कारण आपण म्हणजे काय, घरात सुरीला धार नसते. एच-वनवाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना) तर एरवी बंदूक घेताच येत नाही (शिकारीचं लायसन काढलं की येते, ही पळवाट मला नंतर कळली). पण ग्रीन कार्ड आलं की येते, आणि आमच्या ओळखीतल्यांची कार्डं आता येऊ लागलीत.

मागच्या महिन्यात लेकाला त्याच्या मित्राकडे सोडायला गेले, आपलीच माणसं, साताऱ्याकडची, दारात रांगोळी. चहा झाला, आणि निघताना मी आपलं हसत हसत विचारलं, तुमच्याकडे बंदूक-बिंदूक नाही ना? वहिनी म्हणाल्या, "आहे की. ॲलनचं झालं तेव्हाच ह्यांनी घेतली. वरच्या ड्रॉवरमध्ये असते." आणि मग जराशा काळजीने, "तुम्ही नाही घेतली अजून?"

वर पोरं धडाधडा पळत होती. मी म्हटलं, वहिनी, असं करूया, पोरांना आमच्याकडेच घेऊन जाते, मी आज थालीपीठं करणार आहे.