आवाज बसलेलं पॅनल

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळून हार्बर लाइन बंद पडलेली. प्रयोगशाळेत पोचलो ते दोघंच, मी आणि आमचे तंत्रज्ञ काका. काका वर्सोव्याचे. इथे लागण्याआधी त्यांनी बरीच वर्षं फायबरच्या होड्या बांधल्यात.

काम होतं सँडविच पॅनलवर पाण्यातून शॉक वेव्ह, म्हणजे स्फोटातून उठते तशी दाबाची लाट, सोडायचं. बाहेर काचतंतूचे दोन पातळ थर, मध्ये 25 मिलिमीटर पीव्हीसी फोम. मुंबईत खरा स्फोट कुठे करणार? म्हणून पोलादी नळीत पाणी भरायचं, एका तोंडाला पॅनल बोल्टने आवळायचं आणि दुसऱ्या तोंडाच्या पिस्टनवर गॅस गनने ठोकळा मारायचा. पिस्टनला सेकंदाला 20 मीटर वेग मिळाला तर पाण्यात साधारण 300 वातावरणांइतका दाब उठतो. पिस्टन 10 मिलिमीटर पोलादाचा असेल तर तो दाब 50 मायक्रोसेकंदांत जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. बघायला काहीच नसतं. ठण्ण, झालं.

यातली गंमत पुढच्या, म्हणजे पाण्याकडच्या थरात आहे. तो हलका असला की लाट आदळताच पाण्यापुढे पळतो. पाणी ओढलं जातं, पण पाण्याला ताण सोसत नाही. ते तुटतं, बुडबुडे होतात आणि लाटेतला बराचसा धक्का थरापर्यंत येतच नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलरने हे गणित 1941 मध्ये मांडलं. जो धक्का येतो तो फोम चेपून घेतो, मागचा थर त्यामानाने सुखरूप. निदान कागदावर.

पॅनल सोडवलं तर जवळजवळ सपाट! मी खूश. वहीत लिहिलंसुद्धा, ‘दिसण्याजोगं नुकसान नाही.’

काकांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि टकटक करत पॅनलभर फिरवलं, बाजारात नारळ वाजवून घेतात तसं. कडेला टणटण, मध्ये भदभद.

“मॅडम, याचा आवाज बसलाय.”

“अहो काका, एक ओरखडा नाहीये त्याला.”

“कापून बघा मग.”

करवतीने मधोमध कापलं. पुढच्या थराखाली नख जाईल एवढी फट. थर उसळून परत जागेवर आला होता, फोम मात्र आला नव्हता. पाव चिमटीत दाबावा तसे त्याचे वरचे कप्पे चपटे झालेले. बोल्टच्या रांगेपाशी दोन्हीकडे तिरप्या चिरा, या थरापासून त्या थरापर्यंत.

मी वहीतली ओळ खोडली, फोटो काढले. वाटलं, छान, निष्कर्ष मिळाला.

काका तोवर कपाटाकडे गेले होते. पुढच्या चाचण्यांची पाच कोरी पॅनलं तिथे ठेवलेली. ती ते एकेक करून वाजवत होते. चौथ्याशी थांबले, परत वाजवलं. डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, भदभद.

त्या पॅनलला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. म्हणजे राळ लावतानाच तिथला थर नीट चिकटला नव्हता. मग माझ्या पॅनलातली फट धक्क्याने पडली, की आधीपासूनच होती? चेपलेला फोम आणि चिरा धक्क्याच्याच, त्याबद्दल वाद नाही. फटीचं मात्र छातीठोक सांगता येईना. चाचणीआधी ते पॅनल कोणी वाजवलंच नव्हतं.

काकांनी खडूने त्या कोपऱ्याभोवती गोल काढला. “होडी असती तर पाण्यात सोडली नसती,” एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले. मी नाणं उचललं आणि पहिल्या पॅनलपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी वही शेजारी घेऊन.