रामेश्वरभट्टांची आरती

लोणी काळभोरच्या मुक्कामी माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. दिंडीतल्या मावशींनी सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि तो तसाच लोंबता ठेवून दिला. "पाणी दोऱ्यानं झरून जातं, कातडं सुटत नाही. दोरा मातर ओढू नका, माउली," असं बजावून त्या भाकऱ्या थापायला गेल्या. मी राहुटीत पाय वर करून पडलो होतो. बाहेर आरती सुरू झाली. युगे अठ्ठावीस झाली, ज्ञानराजाची झाली, मग तुकोबांची. लहानपणापासून तोंडात बसलेली ती आरती त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. म्हणण्याचं काम नव्हतं, म्हणून असेल.

"तुकितां तुलनेसी ब्रह्म तुकासी आलें, म्हणोनी रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें."

हा रामेश्वर म्हणजे सेतुबंधाचा रामेश्वर, अशी माझी चाळीस वर्षांची समजूत. आधीच्या कडव्यात राघवाने सागरात पाषाण तारले आहेतच, तेव्हा पुढे रामेश्वर येणं मला अगदी रीतसर वाटायचं. साक्षात शंकराने तुकोबांच्या पायावर डोकं ठेवलं, असं चित्र डोळ्यांपुढे यायचं. रात्री जेवताना मी हे आमच्या विणेकरी बुवांना सांगितलं. बुवा नगर जिल्ह्यातले, कांदा पिकवणारे. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अहो, तो वाघोलीचा रामेश्वरभट्ट! ज्यानं तुकोबांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडवायला लावल्या तो. आरती त्याचीच आहे. शेवटी सही केलीय त्यानं."

सोबत माझा भाचा होता. एम.एस्सी. करतो, वारीला आला तो कॅमेरा घेऊन, श्रद्धा वगैरे घरी ठेवून. तोही ताटावरून मान वर करून बघायला लागला.

खरं तर रामेश्वरभट्टांची गाठ आधीच पडली होती, फक्त मी ओळखलं नव्हतं. देहूहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि पहिली अभंग-आरती तिथे होते. एका फकिराच्या दारात वारीची पहिली आरती, या गोष्टीचं दरवर्षी वर्तमानपत्रांत कौतुक छापून येतं. आपण ते वाचून "वा" म्हणतो आणि पान उलटतो. कथा अशी सांगतात की या फकिराचा कटोरा कुणाच्याच भिक्षेने भरत नसे, तो तुकोबांच्या मुलीने घातलेल्या पिठाने भरला. आणि पुढची कथा रामेश्वरभट्टांची आहे. वह्या बुडवायला लावल्यावर ते याच फकिराच्या विहिरीत उतरले, आणि शापाने अंगाची अशी आग झाली की ओली वस्त्रं गुंडाळून आळंदीला ज्ञानेश्वरांपाशी जाऊन पडले. शेवटी तुकोबांनी पाठवलेल्या "चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती" या अभंगाने दाह शमला. संतचरित्रकार महिपतींनी 1774 साली पूर्ण केलेल्या भक्तलीलामृतात हे सारं रंगवून आलंय. तुकोबा गेल्याला तोवर सव्वाशे वर्षं होऊन गेली होती, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मला यात एक गंमत वाटते. भांडण होतं ते खरा धर्म कुठला यावरून. शूद्राने, तेही प्राकृतात, वेदांचा अर्थ सांगायचा की नाही, हा प्रश्न. आणि त्या भांडणात शिक्षा देतो तो मुसलमान फकीर, ती सोसतो वैदिक ब्राह्मण, आणि उतारा धाडतो तो वाणी. कथा रचणाऱ्याने रचली असेल तर विचार करून रचलीय.

यवतला पिठलं-भाकरी झाली. गावाने केवढ्या परातींत पिठलं घोटलं होतं ते सांगून खरं वाटणार नाही. पोट भरल्यावर भाच्याने विषय काढला. "बुवा, कागद भिजतो. शाई पसरते. तेरा दिवसांनी नदीतून काय येणार वर?"

मला वाटलं, आता बुवा नेहमीचं उत्तर देणार: वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, तेच वर आले. भाच्यालाही तसंच वाटलं असावं, त्याने ते आधीच बोलून टाकलं. बुवांनी मान हलवली. "ही पळवाट शिकल्या-सवरल्यांची. वर आल्या म्हणजे आल्या. कोरड्या."

भाच्याने मोबाइलवर गाथा उघडली. त्याला हवा तो अभंग पाच मिनिटांत सापडला. "याती शूद्र वंश केला वेवसाव" हा तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग. दुष्काळ, दिवाळं, बायको अन्न अन्न करत गेली, देऊळ दुरुस्त केलं, सगळं त्यात आहे. भाचा वाचायला लागला: "निषेधाचा कांही पडिला आघात, तेणें मध्यें चित्त दुखविलें. बुडविल्या वह्या बैसलों धरणें, केलें नारायणें समाधान." मग म्हणाला, "बघा. समाधान केलं म्हणतायत. वर आल्या म्हणत नाहीत."

बुवांनी डोळे मिटले. मग एका सुरात म्हणाले, "उदकीं राखिले कागद, चुकविला जनवाद. तुका म्हणे ब्रीद, साच केलें आपुलें." हाही तुकोबांचाच. भाच्याने शोधला, मिळाला. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. पलीकडच्या राहुटीत कुणीतरी घोरत होतं.

मला स्वतःला वह्या तरंगल्या असं वाटत नाही. पण "चुकविला जनवाद" या दोन शब्दांवर मी त्या रात्री अडकलो. कागद वाचले याच्या आनंदाला लागूनच लोकापवाद टळला हा सुस्कारा. वाद केवढा तापला असेल! दुसऱ्या एका अभंगात तर पोटातली भीती सरळच आलीय: "काय खावें आतां, कोणीकडे जावें, गांवांत राहावें कोण्या बळें. कोपला पाटील गांवींचे हे लोक, आतां घाली भीक कोण मज." आपण शास्त्रार्थ म्हटलं की दोन पंडित समोरासमोर बसलेले डोळ्यांपुढे आणतो. इथे एका बाजूला दशग्रंथी विद्वान, पाटील आणि अख्खं गाव, दुसऱ्या बाजूला एक कर्जबाजारी वाणी. त्यात त्याची भाषा. "वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वहावा भार माथां," असं जो लिहितो तो भांडण टाळणाऱ्यांपैकी नव्हेच. याच याती शूद्र अभंगात त्याने म्हणून ठेवलंय, "सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता." शास्त्र ग्वाही नाही, गाव ग्वाही नाही, मन ग्वाही. सतराव्या शतकात देहूसारख्या गावात बसून हे म्हणायचं!

आणि तुकोबांचा मारा एकाच बाजूला नव्हता, हेही सांगायला हवं. अंगाला राख लावून डोळे झाकून पाप करणारे भोंदू, शेंदूर फासलेली दैवतं, टिळेमाळांची दुकानं, सगळ्यांना त्यांनी झोडलंय. खोटा धर्म त्यांना आपल्या घरातच जास्त दिसला.

वरवंडच्या पुढे रोटीचा घाट लागतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि चढ सुरू झाला की टाळांचा ठेका आपोआप वाढतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या त्याच मावशी माझ्या पुढे होत्या. "ज्ञानदेवें रचिला पाया" चालू होतं. शेवटाला "बहिणी म्हणे फडकती ध्वजा" आलं तसा मावशींचा आवाज चढला. त्या वैजापूर तालुक्यातल्या. बहिणाबाईंची समाधी त्यांच्याकडे शिऊरला. "आमच्या बाईनं कळस चढवला तुकोबाला," म्हणाल्या, जणू काही सख्खी चुलती.

बहिणाबाई आपल्याला या एका अभंगापुरती माहीत असते. ब्राह्मण घरातली मुलगी, लग्न झालं ते वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले आणि त्यांचाच ध्यास घेतला. शूद्र गुरू म्हणून नवऱ्याने मारलं. तो आजारी पडला, वरमला, आणि दोघं देहूला आले. तिथे मंबाजी गोसावी होताच. ब्राह्मण असून शूद्राच्या कीर्तनाला बसता, म्हणून त्याने यांना छळलं. यांची गाय बांधून मारली, आणि वळ उठले तुकोबांच्या पाठीवर, असं बहिणाबाई स्वतःच्या चरित्रात सांगते.

पण मला तिचं मोठेपण या वळांपेक्षा दुसरीकडे दिसतं. तिने वज्रसूची मराठी अभंगांत आणली. ब्राह्मण कोण, एवढा एकच प्रश्न धरून त्या संस्कृत प्रकरणात एकेक उत्तर निकालात काढलंय. देह ब्राह्मण म्हणावा, तर बापाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागेल. जात म्हणावी, तर व्यास कोळ्याच्या पोरीचे, वाल्मीकी वारुळातले. हे वाचताना अंगावर काटा येतो. मार खाल्लेल्या बाईने आपली कैफियत मांडायला समोरच्यांच्याच पोथीतलं हत्यार निवडलं. मावशींना मी हे सांगितलं. चढावर धापा टाकत त्या म्हणाल्या, "मग? येडी होती व्हय बाई?"

काटेवाडीला परीट मंडळींनी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घातल्या आणि मेंढ्यांचं रिंगण झालं. भाच्याने दोनशे फोटो काढले. बारामती ते इंदापूर मी बहुतेक चिखलाशी झगडत गेलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

इंदापूरच्या तळावर शेजारच्या दिंडीत भारूड चाललं होतं, एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद. सगळा नाही, निवडक. एकाने डोक्याला हिरवं फडकं गुंडाळलेलं, दुसऱ्याने शेंडीची गाठ उंच बांधलेली. तुर्क म्हणतो, तुमचा देव मासा होतो, डुक्कर होतो, हा कसला देव? हिंदू म्हणतो, देव सगळीकडे आहे ना, मग पश्चिमेकडेच तोंड का करता, बाकीच्या दिशा ओस पडल्या काय? माणसं हसून लोळत होती. नाथ सोळाव्या शतकातले, पैठणचे, निजामशाहीच्या मुलखात राहणारे. त्यांनी दोघांच्या तोंडी शिव्या घातल्या आहेत आणि शेवटी दोघांना मिठी मारायला लावली आहे. भाचा म्हणाला, "हे आज कुणी नव्याने लिहून दाखवावं." कुणी काही बोललं नाही. मला मात्र शेवटची मिठी जरा घाईत उरकल्यासारखी वाटते. भांडण इतकं फर्मास लिहिलंय की समेट फिका पडतो.

सराटीला नीरेत पादुकांना स्नान झालं, पुढे अकलूज, वाखरी, आणि पंढरपूर. दर्शनाची रांग कुठवर गेली होती ते विचारू नका. आम्ही कळसाला हात जोडले आणि महाद्वारापाशी आलो. नामदेव पायरी, आणि समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले, आणि नामदेवांनी अस्थी इथे आणल्या, ही परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या माणसांना मात्र याच दारातून आत जायला 1947 उजाडावं लागलं. साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण मांडलं, तेव्हा.

भाचा समाधीकडे बघत म्हणाला, "मामा, ज्यानं वह्या बुडवल्या त्याला आरतीत जागा मिळाली. आणि हे दाराबाहेर."

मी बुवांकडे पाहिलं. मला वाटलं, यावर काहीतरी असेलच त्यांच्याकडे, एखादा अभंग, एखादा दृष्टान्त. बुवांनी वीणा छातीशी धरली, खाली वाकून समाधीला डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मागचे लोक "चला माउली, चला" करायला लागले, तेव्हा भाच्यानेच त्यांना दंडाला धरून उभं केलं.

रात्री मठात शेवटची आरती झाली. रामेश्वराच्या कडव्याला भाच्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पण म्हटलं त्यानेही, आणि तेही पाठ. मग मावशी आल्या. "पाय दाखवा," म्हणाल्या. दोरा काढायचा राहूनच गेला होता. लोणीपासून इथवर चालून, नीरेत बुचकळून, चिखलात माखून तो तसाच टाचेत होता. त्यांनी दाताने गाठ तोडली आणि सुळ्ळकन ओढून काढला.

"कोरडा आहे की!" भाचा म्हणाला.

बुवांनी पांघरुणातूनच विचारलं, "कोरडाच ना? मोबाइलात बघून खात्री कर."