ओल कालूची चेअरलेडी

कोल्हापूरच्या माणसाला दुधातलं कुणी शिकवू नये, असा आमचा एक लाडका समज असतो. मी कागल तालुक्यातला. शाळेत जाताना डेअरीवर दूध घालून पुढं जाणारा, डिप्लोमा झाल्यावर चिलिंग सेंटरवर कॉम्प्रेसरच्या घरघरीत झोपायची सवय झालेला. सध्या नैरोबीत, डेअरीची यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी, बसवायचा, गॅस भरायचा, पहिलं दूध चार अंशांवर आणून दाखवायचं, रिपोर्टवर सही घ्यायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची, असा उद्योग.

त्या आठवड्यात गाव होतं ओल कालूच्या अलीकडचं. न्यांडारुआ हा परगणा साडेसात हजार फुटांच्या वर, एका बाजूला ॲबरडेअरचे डोंगर. पहाटे तोंडातून वाफा निघतात. बटाटा, कोबी, गाजर आणि बांधाबांधावर नेपियर गवत. म्हैस औषधालाही नाही. सगळ्या एचएफ (होल्स्टीन) आणि आयरशायर जातीच्या गाई, त्यामुळे सात फॅटचं दूध बघितलेल्या माणसाला इथलं दूध पाणचट वाटतं. केनियाला ते वाटत नाही. देशात वर्षाला सुमारे ५ अब्ज लिटर दूध निघतं, बहुतेक दोन-चार गाई दावणीला असलेल्या शेतकऱ्यांचं, आणि चहा म्हणजे दुधातच उकळलेला चहा. विकल्या जाणाऱ्या दुधातलं निम्म्याहून कितीतरी जास्त मात्र कुठल्याही प्लँटचं तोंड न बघता, मोटारसायकलवरच्या फेरीवाल्याकडून थेट गिऱ्हाइकाच्या पातेल्यात जातं.

ह्या फेरीवाल्यांच्या राज्यात दहा पोरापोरींनी कंपनी काढली होती. सगळी पस्तिशीच्या आतली. सॅकोचं, म्हणजे तिथल्या पतसंस्थेचं कर्ज, थोडे घरचे पैसे, दोन हजार लिटरचा कूलर आमच्याकडून हप्त्यावर आणि पत्र्याचं शेड एका म्हाताऱ्याच्या जागेत. अध्यक्ष होती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, एगर्टन विद्यापीठात डेअरीचं शिकून आलेली मुलगी. तिकडे बाई अध्यक्ष असली की तिला सगळे चेअरलेडीच म्हणतात, अगदी बापाच्या वयाचे शेतकरीसुद्धा. मला ती ‘इंजिनिअर’ म्हणायची. आडनाव उच्चारायच्या भानगडीत ती पडली नाही, ते बरंच झालं.

त्या दिवशी पहिल्यांदा टाकी भरत आली होती. आदल्या संध्याकाळचं आणि सकाळचं मिळून साडेसतराशे लिटरच्या पुढं. सकाळपासून मी तिचं संकलन बघत होतो. कॅनचं झाकण उघडलं की आधी नाकानं वास, मग अल्कोहोल टाकून दूध फाटतं का ते, मग पाणी ओळखायला लॅक्टोमीटर. एवढं आमच्याकडेही होतं. पण ती प्रत्येक कॅनमधून छोट्या बाटलीत नमुना काढून, वर नंबर टाकून, बर्फाच्या पेटीत ठेवत होती. गाडी गेल्यावरच बाटल्या धुवायच्या. मी मनात म्हटलं, नव्याची नवलाई. महिनाभरात बाटल्या लोणच्याला जातील.

टँकर दुपारी यायचा होता. साडेदहाला तिनं टाकीतलं दूध ढवळणारा ॲजिटेटर पाच मिनिटं फिरवला, टाकीतलं दूध काढलं आणि अँटिबायोटिकची पट्टी लावली. ही पट्टी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दूध तापवायच्या छोट्या ठोकळ्यात नळी ठेवायची, पट्टी बुडवायची, काही मिनिटांनी रेघा उमटतात. वरची रेघ पट्टी शाबूत आहे हे सांगते. खालची तिच्याइतकी गडद उमटली, तर दूध चोख. फिकी पडली किंवा उमटलीच नाही, तर दुधात औषध आहे. खालची रेघ फिकी होती. इतकी फिकी की उजेडाकडं धरल्यावरच दिसावी.

तिनं दुसरी लावली. तीच गत.

गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, कासेत पेनिसिलिनची ट्यूब सोडली, की डॉक्टर सांगेल तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नसतं. एकच गाय, एकच धार, पण अख्खी टाकी बाद करते. उकळून औषध जात नाही. आणि असल्या दुधाला विरजण लावलं तर दही लागत नाही, कारण दह्याचे जंतूही मरतात. हे शास्त्र आमच्या गावातल्या बायकांना पट्टीशिवाय ठाऊक असतं.

शेडमध्ये चौघं-पाच जण जमले. खजिनदार हा हिशेबी पोरगा, फोनवरच आकडेमोड करून मोकळा. लिटरला पन्नास शिलिंग धरले तर अठ्ठ्याऐंशी हजार शिलिंग, आपले सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार रुपये. सॅकोचा हप्ता पुढच्या आठवड्यात. तो काही लबाड नव्हता, त्याचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. घेणारा प्लँट ही तपासणी करत नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये आपलं दूध मिसळलं की पट्टीलासुद्धा काही दिसणार नाही. मग फेकायचं कशासाठी?

ती म्हणाली, “त्यांच्याकडं दही बनतं. नाही लागलं, तर आधी कुणाचं दूध बंद होईल?”

“आणि लागलं तर?”

“लागलं, तर पुढच्या वेळी आपण पट्टी लावू का?”

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मग सगळे माझ्याकडं वळले. चेअरलेडीनं विचारलं, “इंजिनिअर, तुमच्या इंडियात अशा वेळी काय करतात?” मी म्हटलं, “दोन्ही करतात.” ह्याहून खरं उत्तर मला सुचलं नाही. ती हसली आणि तिनं टँकरवाल्याला फोन लावला. आज येऊ नका. का, तेही सांगितलं. निदान ‘मशीन बिघडलं’ म्हणेल, अशी माझी अटकळ होती. माझंच मशीन, आळ घ्यायला मी शेजारी उभाच होतो. पण तिनं सरळ औषधाचं नाव घेतलं.

मग त्या बाटल्या बाहेर आल्या. एक पट्टी म्हणजे तीन-चार लिटर दुधाचे पैसे, चाळीसच्या वर कॅनना एकेक लावणं परवडायचं नाही. पोरांनी एकेका रस्त्याचे नमुने थोडे थोडे एकत्र केले. तीन रस्ते आणि पायी येणारे, म्हणजे चार पट्ट्या. एक रस्ता फिका निघाला. त्यातल्या कॅनचे दोन भाग, त्यातल्या वाईट भागाचे पुन्हा दोन. असं निम्मं निम्मं करत बाराच्या सुमारास एका बाटलीवर बोट आलं.

नंबर वाचून सगळे गप्प. तो कॅन जागामालक म्हाताऱ्याचा होता.

त्या रस्त्यावर मोटारसायकलनं दूध गोळा करणारा पोरगा दहांपैकीच एक. कुणी विचारायच्या आधी तोच बोलला. आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं की काळ्या गाईला ट्यूब सोडली आहे. कॅनमध्ये तिचं दूध आहे का, हे ह्यानं विचारलं नाही. “ज्याच्या जागेत आपण उभे, त्याच्या कॅनला नको कसं म्हणायचं?” असं म्हणून तो उकिडवा बसला. चेअरलेडी त्याच्यावर ओरडली नाही. तिनं कपाटातून वही काढली.

ती वही मी नंतर सवडीनं बघितली. साधी दोनशे पानी, वरचा पुठ्ठा दुधाच्या डागांनी कडक झालेला. पहिल्या पानांवर नियम, खाली सगळ्या शेतकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. टाकी खराब झाली तर चोख दूध घातलेल्यांचे पैसे थांबणार नाहीत. ज्याच्या कॅननं खराब झाली त्याचं त्या दिवसाचं बिल जाईल. कंपनीच्या माणसाची चूक असेल, तर दहाही जणांचा त्या महिन्याचा वाटा जाईल. सगळी मेख तिसऱ्या नियमात होती, कारण त्यामुळे एकाची नजर दुसऱ्यावर राहते.

इतका चोख कागद ह्या वयाच्या पोरांना कुठून सुचला, असं मला वाटलं खरं. पण ती कशात वाढली ते बघा. केनिया कोऑपरेटिव्ह क्रीमरीज ही १९२५ ची संस्था, दुधातली एकेकाळची राणी. १९९२ मध्ये बाजार खुला झाला, आधीच पोखरलेली संस्था त्या दशकाअखेर कोसळली आणि शेतकऱ्यांची दुधाची बिलं तिच्यात बुडाली. २००३ नंतर सरकारनं तिला पुन्हा उभं केलं, पण आई-बापांचं बुडालेलं बिल ही पोरं ऐकतच मोठी झाली. २०१५ मध्ये तरुणांसाठीच्या राष्ट्रीय युवा सेवेतून ७९ कोटी १० लाख शिलिंग लाटल्याचं प्रकरण बाहेर आलं. पैसा कुणाच्या नावाचा आणि गेला कुणाच्या घशात! २५ जून २०२४ ला करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण थेट संसदेत घुसले, गोळीबारात माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागं घेतलं. खजिनदार त्या दिवशी नैरोबीच्या रस्त्यावर होता. दुसऱ्याला चोर म्हणून घोषणा दिलेल्या माणसाला स्वतःची वही कोरी ठेवता येत नाही, हे माझं मत. त्यानं तसं काही बोलून दाखवलं नाही. तो फक्त म्हणाला, “तिथं धुरानं डोळे फार चुरचुरले.”

बातमी तोवर गावभर झाली होती. एक फेरीवाला पिकअपमध्ये ड्रम टाकून हजर. पंचवीस शिलिंगनं सगळं उचलतो, रोख. खजिनदारानं चेअरलेडीकडं बघितलं. तिनं उत्तर देण्याऐवजी दोन पोरांना हाक मारली आणि बायोगॅसच्या स्लरीच्या बादल्या आणायला सांगितल्या. शेडमागच्या शेणखड्ड्यात दूध सोडायचं ठरलं होतं. ओढ्यात सोडलं असतं तर मासे मेले असते. आधी खड्ड्यात स्लरी ओतली, मग मी टाकीला पाइप जोडला आणि व्हॉल्व्ह उघडला. पांढरी धार पडताक्षणी हिरवी-काळी होत होती. वरून शेण ओतलं नसतं तर रात्रीत कुणीतरी ते दूध उपसून नेलं असतं, ह्यात शंका नको. एक म्हातारी तांब्या घेऊन आली होती. उकळून घेईन, म्हणत होती. चेअरलेडीनं तिला किकुयूत बराच वेळ समजावलं. म्हातारीला पटलं नाही. शिव्या देत गेली असावी, सूर तरी तसाच होता.

मी दुधाच्या घरातला माणूस. धार आटेपर्यंत मी पाइपाकडंच बघत उभा राहिलो, दुसरीकडं बघवेना.

म्हातारा तीनला आला, हातात काठी, अंगात जाड कोट. आवाज चढलेला. माझ्या जागेत माझंच दूध बाद करता? मी पोराला सांगितलं होतं. चेअरलेडीनं खुर्ची दिली, चहा दिला, ‘म्झी’, म्हणजे आजोबा, म्हणत अदबीनं बोलत राहिली आणि वही त्याच्या पुढ्यात उघडून ठेवली. तेव्हा मला कळलं की दुसरा नियम सभेत म्हाताऱ्यानंच घालायला लावला होता. क्रीमरीजमध्ये बुडालेल्यांत तोही होता. दुधात खोट करणाऱ्याचे पैसे कापा आणि ते लिहून ठेवा, हा त्याचा हट्ट. त्यानं चष्मा लावून आपल्याच सहीवर बोट फिरवलं, कप संपवला आणि एवढंच म्हणाला, “लिही.” जाताना त्या पोराच्या खांद्यावर काठीनं हलकेच टोचलं. राग की माया, कळलं नाही.

सही झाल्यावर एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून, पैसे सुटले. म्हातारा सोडून सगळ्यांना, पूर्ण. सोबत मेसेज: आजचं दूध औषधामुळे फेकलं, चूक आमच्या संकलनातली, तुमचे पैसे हे घ्या, गाईला ट्यूब सोडली तर आधी कळवा. म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोन्ही नियम लागू झाले. म्हाताऱ्याचं बिल गेलं आणि दहा जणांचा महिनाही गेला. खजिनदारानं मेसेजमधलं ‘चूक आमच्या’ काढून बघितलं, तिनं परत घातलं.

ह्याचं कौतुक लगेच झालं असं कुणी समजू नये. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा टाकी निम्मीच भरत होती. काही जण फेरीवाल्याकडं वळले होते, तो नाकसुद्धा लावत नाही. म्हाताऱ्याचा कॅन मात्र येत होता.

दूध फेकलं त्या संध्याकाळी मला परतायचं होतं, पण रिपोर्ट राहिला होता. सकाळी वीज गेल्यावर जनरेटर लावला, तेव्हा कॉम्प्रेसर सुरू होताना तो धापा टाकत होता. एवढ्या उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद घटते, म्हणून जनरेटर एक माप मोठा द्यावा लागतो. विक्रीवाल्यांनी नैरोबीच्या हिशेबानं दिला होता. चेअरलेडीनं ते सकाळीच हेरलं होतं. रिपोर्ट पुढं ओढून तिनं शेऱ्याचा रकाना दाखवला.

“इंजिनिअर, हे इथं लिहा.”

मी म्हटलं, “ऑफिसात बोलतो, तोंडी सांगितलेलं बरं पडतं.” ती काही बोलली नाही, पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं धरला. मी लिहिलं: जनरेटर ह्या उंचीला अपुरा, पुरवठादारानं बदलून द्यावा. खाली सही केली. तिनं फोनवर फोटो काढला आणि मग कूलरचा हप्ता पंधरा दिवस पुढं ढकलायचं पत्र बाहेर काढलं. ते तिनं आधीच टाइप करून ठेवलं होतं.