फ्रीडायव्हिंगच्या स्पर्धेत उतरले, पण टिकून राहणं जास्त अवघड गेलं

फ्रीडायव्हिंग म्हणजे सिलिंडर न घेता एका श्वासात खाली जायचं आणि वर यायचं, हे ऑफिसात इतक्यांदा सांगून झालंय की आता मी ‘स्विमिंगला जाते’ म्हणून मोकळी होते. कोर्स करणारे भरपूर भेटतात, स्पर्धेत उतरणारे थोडे, आणि पुढच्या सीझनला परत दिसणारे अगदीच मोजके. मी अजून आहे, कशीबशी, म्हणून लिहितेय.

पहिली स्पर्धा दहाबला केली, इजिप्तमध्ये. तिथलं ब्लू होल साधारण १०० मीटर खोल आहे आणि किनाऱ्यावरून चार हात मारले की खोल पाणी, बोटीचा खर्चच नाही, त्यामुळे जगभरातले लोक तिथे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असतात. (आईने गुगल केलं तर तिला थेट तिथल्या कड्यावरच्या, मेलेल्या डायव्हर्सच्या पाट्या दिसल्या. ते बहुतेक सिलिंडरवाले होते गं, हे पटवायला बराच वेळ गेला.) मेडिकल सर्टिफिकेट लागतं, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फॉर्म वाचून "श्वास रोखून? मुद्दाम?" एवढंच विचारलं आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

किती खोल जाणार ते आदल्या दिवशीच सांगावं लागतं. मी ३० मीटर सांगितले. तेवढ्यावर दोरीला प्लेट असते, तिच्यावरचा टॅग घेऊन यायचं, वर येताना वाटेत सेफ्टी डायव्हर भेटतात कारण ब्लॅकआऊट, म्हणजे शुद्ध हरपणं, बहुतेक वेळा पृष्ठभागाजवळच होतो. आणि आयडाच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाने वर आल्यावर १५ सेकंदांत नोजक्लिप-मास्क काढून, ओकेची खूण करून ‘आय ॲम ओके’ म्हणायचं, हे जमलं नाही तर रेड कार्ड, म्हणजे डाइव्ह बाद, मग तुम्ही पाताळात जाऊन आला असाल तरी. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो तशी कानात हवा ढकलून तो दाब जुळवावा लागतो, माझा डावा कान प्लेटच्या बराच आधी अडला, मी वळले, यलो कार्ड, पॉइंट कापले. माझ्यानंतरचा मुलगा टॅग घेऊन आला आणि खूण करता करताच डोळे फिरवले, सेफ्टीने धरलं, लगेच शुद्धीवर आला, पण रेड कार्ड. त्याला परत कुठल्या स्पर्धेत पाहिलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं लोक घाबरून सोडतात. मला तरी तसे फार दिसले नाहीत. बरेचसे कानापाशी अडकतात. ३० मीटरवर फुप्फुसातली हवा दाबून पाव हिस्सा उरते, त्यापुढे कानापर्यंत आणायला हवाच मिळत नाही, म्हणून आधीच तोंडात भरून ठेवायची, त्याला माउथफिल म्हणतात. हे शिकण्यात अख्खा सीझन जातो आणि आकडा तिथेच. मग चिडून जोर लावतात, स्क्वीझ होतो, म्हणजे दाबाने फुप्फुसाला किंवा श्वासनलिकेला इजा, थुंकीत रक्त येतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी पाण्यात! २०१३ मध्ये बहामाच्या डीन्स ब्लू होलला निकोलस मेवोली हा अमेरिकन फ्रीडायव्हर ७२ मीटरच्या डाइव्हवरून वर आला, बेशुद्ध पडला आणि त्यातच गेला, फुप्फुसांना इजा झाली होती. एवढं माहीत असूनही विश्रांती घ्या म्हटलं की लोकांना कमीपणा वाटतो, हे मला खरंच कळत नाही.

पैशांचं तर बोलायलाच नको. खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे स्पॉन्सर विचारत नाही आणि ऑफिस स्पोर्ट्स लीव्ह देत नाही, विमान-कोच-फिन्स सगळं पगारातून.

पण माझं खरं अडलं ते पार्टनरपाशी. एक खाली तर एक वर बघायला, हा नियम पूलमध्येसुद्धा, एकट्याने श्वास रोखायचा नाही म्हणजे नाही. पुण्यात आधी तर लाइफगार्डच शिट्टी मारतो. जिच्याबरोबर जमलं होतं तिची बंगळुरूला बदली झाली आणि माझा सीझन घरात सोफ्यावर टेबल्स (ठरलेल्या वेळांनी श्वास रोखायचा सराव) करण्यात गेला, त्याने खोलीची सवय थोडीच राहते? त्या काळात जवळजवळ सोडलंच होतं.

परत आले ते दहाबच्याच एका कोचमुळे, त्याने म्हटलं ट्रेनिंगमध्ये जमतंय त्यापेक्षा कमी सांग. २५ सांगितले. व्हाइट कार्ड, म्हणजे डाइव्ह मान्य. लीडरबोर्डवर पार तळाला होते पण त्या संध्याकाळी जेवायला जे टोळकं जमलं त्यांच्याशी अजून रोज बोलणं होतं, त्यातलीच एक नाशिकची निघाली, आता महिन्यातून दोनदा ती पुण्याला येते किंवा मी जाते. पूलच्या मॅनेजरने सकाळची एक लेन दिलीये, अट एकच, बाकीच्या पोरांसमोर करायचं नाही. पुढच्या वेळी स्पर्धेत नाव न देता सेफ्टी टीमसाठी अर्ज करणार आहे, त्याचं ट्रेनिंग वेगळं असतं आणि राहण्याचा खर्च काही ठिकाणी आयोजक देतात, तो आकडा कळला की सुट्टी टाकेन.