इव्हॉल्व्ह म्हणजे चेंजच ना?

"सर, इव्हॉल्व्ह म्हणजे चेंजच तं आहे, मंग नवा शब्द कायले?" नागपुरात इंग्रजी शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. आदल्या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी, दुसऱ्या दिवशी मुंबई राज्यातलं एक शहर. हा चेंज. त्याला तारीख आहे, निर्णय घेणारे आहेत. आता आपलं "काय करून राहिला?" घ्या. हिंदीच्या शेजारात मराठी बोलता बोलता ते आपल्या तोंडी बसलं. कोणी ठरवलं नाही, कोणी आदेश काढला नाही, आणि मराठीही सुटली नाही. हे इव्हॉल्व्ह.

शब्दाचं मूळ लॅटिन 'एव्होल्वेरे': गुंडाळलेलं उलगडणं. जुने ग्रंथ गुंडाळीचेच असत, म्हणून व्हॉल्यूम हा शब्द याच कुळातला. रिव्हॉल्व्हरसुद्धा. माझ्या आजोबांची पत्रिका अशीच लांबलचक गुंडाळी होती. आजी ती सतरंजीवर हळूहळू उलगडायची, आणि हा शब्द शिकवताना मला दरवेळी तिचे हात आठवतात.

पण पत्रिकेत पुढचं आधीच लिहिलेलं असतं. पूर्वीचे काही निसर्ग-अभ्यासकही असंच मानत: गर्भात अख्खा जीव तयारच असतो, तो फक्त उलगडतो. त्यालाच ते इव्होल्यूशन म्हणत. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द सापडत नाही, मात्र ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द आहे 'इव्हॉल्व्ह्ड'. इव्होल्यूशन आला तो १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. डार्विनच्या उलगडण्यात पुढचं काहीच लिहून ठेवलेलं नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

मराठीतल्या 'उत्क्रांती'त 'उत्' म्हणजे वर, त्यामुळे मुलं इव्हॉल्व्हचा अर्थ 'सुधारणं' असा लिहितात. तसं नाही. अंधाऱ्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काही माशांचे डोळे गेले. तेही इव्हॉल्व्हच.

वापर सोपा आहे. कशापासून झालं ते सांगताना 'फ्रॉम', कशात बदललं ते सांगताना 'इन्टू'. एखादी पद्धत हळूहळू घडवली, तर कर्माबरोबरही चालतो. पण शाळेनं सोमवारपासून वेळ बदलली, तर तिथे मात्र चेंजच लिहा.